लालीच्या गाठीवरचा बिब्बा

लालीच्या गाठीवर बिब्बा मी लावला, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही म्हणालो. आपल्या कुत्र्याच्या अंगावर गाठ हाताला लागून घाबरलेल्या कुणी तरी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

दिग्रसच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी लालीच्या बरगडीवरची गाठ दोन बोटांत धरून हलवली. "लायपोमा," ते म्हणाले. म्हणजे चरबीची गाठ. कातडीखाली सरकते, दुखत नाही. "भरभर वाढली किंवा फुटली तर आणा. तोवर हात लावू नका."

मला ते पटलं नाही. माझी बायको छातीतल्या गाठीने गेली. तिच्या गाठीलाही आम्ही बरेच दिवस काही केलं नव्हतं. ती गेल्यावर घरात माझ्याखेरीज दुसरी चाहूल होती ती लालीचीच.

आमच्याकडे बैलाच्या खांद्याच्या गाठीला बिब्ब्याचा चटका देतात. मी बिब्बा दिव्यावर तापवला आणि सुटलेलं तेल लालीच्या गाठीवर लावलं. बैलाची जीभ त्या जागी पोचत नाही. लाली मात्र ती जागा चाटत बसली.

मग तिचं तोंड फोडांनी भरलं. लाळ गळू लागली. पाणी पुढे केलं की ती मागे सरायची, गुरगुरायची.

डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "काही लावलं होतं का?"

"नाही." त्यांनीच मनाई केली होती. कोणत्या तोंडाने सांगणार?

"मग रेबीजची शंका धरावी लागेल." म्हणजे कुत्रं पिसाळणं. "साखळीने बांधा. हिची लाळ कुणाला लागली?"

लागली होती शेजारच्या कमलावहिनींना. मी कापसाच्या जिनात कामावर असलो की लालीला भाकर त्याच भरवायच्या. कापूस वेचून त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या. तेव्हा या सुया पोटातच देत; सरकारी दवाखान्यात त्यांच्या पोटात रोज सुई टोचणं सुरू झालं. मलाही घ्यायला सांगितलं होतं. मी गेलो नाही.

"भाऊजी, तुमी काहून नाही घेत सुया?" वहिनींनी कुंपणावरून विचारलं.

"माह्या हाताले जखम नाही."

"जीव भारी झाला काय तुमाले? एकटा माणूस. पिसाळले तं बांधाले बी कोणी नाही!" त्या हसल्या, आणि लगेच पोट धरून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी घरी येऊन लालीचं तोंड पाहिलं. "बिब्बा उतलाय, त्याचेच हे फोड. खोबरेल लावा, गार दूध पाजा. आधी बोलला असतात तर त्या बाईंना एकही सुई लागली नसती."

लाली वाचली. गाठ अजून आहे. थोपटताना हाताला लागते. गाठ कशाची ते डॉक्टर ओळखतात, आपण घरी काय केलं ते आपणच सांगावं लागतं. त्या डॉक्टरांनी मला दारातून हाकललं नाही, हे उपकार मी विसरलो नाही.

त्या सकाळी ते गेल्यावर मी सरळ सरकारी दवाखाना गाठला. वहिनी बाकावर पदर पोटाशी आवळून बसल्या होत्या. मला पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"लाली मेली काय, भाऊजी?"

"नाही, वहिनी. ते पिसाळलीच नाही. बिब्बा मीच लावलता, अन् डॉक्टरसंग खोटं बी मीच बोललो. माह्या शरमेपायी तुमी सुया खाल्ल्या. मले माफ करा."