खुंटीवरचं लॉकेट

सही-शिक्क्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. बँकेत नोकरी करून स्वभावच तसा झालाय. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते जेवताना, करमणूक म्हणून... आणि बऱ्याचदा "काहीही हं!" म्हणून पुढे जाते. आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

माझी आई नाशिक रोडला फ्लॅटमध्ये एकटी राहायची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझी बदली कळवणला. मागच्या बिल्डिंगमधले एक आजोबा घरातच गेले, ते शेजाऱ्यांना वास आल्यावर कळलं. तेव्हापासून आईने धसकाच घेतला. "मरणाला मी भीत नाही गं," ती म्हणायची, "पण असं कुणाला न कळता पडून राहायला नको."

म्हणून मी तिला ते यंत्र आणून दिलं. गळ्यात घालायचं एक बटण आणि हॉलमध्ये ठेवायचा स्पीकरचा डबा. बटण दाबून धरलं की डबा आधी मला फोन लावणार, मी उचलला नाही तर शेजारच्या अलकाकाकूंना. आई बटणाला लॉकेट म्हणायची. पहिल्याच आठवड्यात भर दुपारी फोन — "अगं, चकलीच्या भाजणीत धणे किती घालू?"

"आई! हे इमर्जन्सीसाठी आहे!"

"मग काय, भाजणी बिघडल्यावर विचारू?"

एकच गोष्ट ती ऐकेना. आंघोळ करून सोवळं नेसली की पूजा होईपर्यंत लॉकेट बाहेर, हॉलमधल्या खुंटीवर. मी किती डोकं फोडलं... "अगं, देवाला प्लॅस्टिकचा कसला आलाय विटाळ?"

"दिवसभर ते माझ्याबरोबर संडास-बाथरूममध्ये हिंडतं. ते देवापाशी नको. तुझ्या बँकेत तुझे नियम, माझ्या देवघरात माझे." विषय संपला.

त्या दिवशी सकाळी बँक नुकतीच उघडली होती. मोबाइल वाजला — डब्याचा नंबर. मी वैतागूनच उचलला. "बोल, आज काय बिघडलं?"

 मग खूप लांबून, आतल्या खोलीतून, आईचा आवाज... "कुणी आहे का गं?... अगं, कुणीतरी या..."

मी ओरडत राहिले. तिला ऐकूच जात नव्हतं. काउंटरवरची माणसं माझ्याकडे बघत होती. बँकेच्या फोनवरून मी काकूंना लावला आणि मिळेल त्या गाडीने निघाले.

काकूंकडे आमची किल्ली होती. त्यांनी लॅच उघडून पाहिलं तर आई देवघरात पडलेली, सोवळ्यातच. खुब्याचं हाड मोडलेलं, जागचं हलता येत नव्हतं. घरात दुसरं कुणी नाही. आणि लॉकेट बाहेर... खुंटीवर. काकू डोळ्यांनी बघून सांगतात, आणि काकू थापा मारणाऱ्यांतल्या नाहीत.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हाडाचं नंतर बघू, हृदयच साथ देत नाहीये. मी आईजवळ बसले. "आई, बटण कसं गं दाबलंस? दाबून परत अडकवलंस का?"

तशा अवस्थेतही तिने माझ्याकडे डोळे वटारले. "सोवळ्यात मी शिवेन होय त्याला?"

थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पण कळलं ना गं तुम्हाला. बरं झालं."

त्याच आठवड्यात आई गेली. तिचा हात माझ्या हातात होता, काकू पायाशी बसल्या होत्या. मला अजून रडू आवरत नाही.

यंत्र परत न्यायला कंपनीचा माणूस आला, त्याला मी सगळं विचारलं. तो म्हणाला, "ताई, बटण दाबून धरल्याशिवाय कॉल जातच नाही." त्याने लॉकेट हलवलं, टेबलावर आपटलं... डबा गप्प. मग दाबून धरलं, तेव्हा माझा मोबाइल वाजला.

बिघाड असेल, असं मी स्वतःला समजावते. पण मग तो नेमका त्याच सकाळी, आई जमिनीवर पडून हाका मारत असताना कसा व्हावा?

मला भूतबीत काही म्हणायचं नाही. तिला ज्याची भीती होती, ते झालं नाही, एवढंच मला ठाऊक आहे. ज्याने कुणी ते बटण दाबलं त्याचे मी पाय धरले असते हो... पण कुणाचे धरू?