न काढलेला फ्यूज

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी माझ्या अप्पांचा उजवा हात भाजला. मंगळवार पेठेत त्यांचं छोटं गॅरेज आहे. मी घरातली पहिली पदवीधर, तीही मेकॅनिकलची.

एक गिऱ्हाईक नुकतंच गाडी घेऊन आलं होतं. अप्पा पेट्रोलचा पाइप सोडवायला वाकले, तशी मी म्हणाले, "अप्पा, आधी पंपाचा फ्यूज काढा. मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, म्हणजे प्रेशर उतरेल."

गिऱ्हाईक हसलं. "पोरगी बापाला शिकवाय लागली की."

"तू जन्मायच्या आधीपास्नं पाइप काढतोय मी," अप्पा म्हणाले. "काय हुत न्हाय."

मी गप्प बसले. परक्या माणसासमोर त्यांना कमीपणा नको, एवढंच डोक्यात होतं.

अप्पा ज्या गाड्यांवर शिकले, त्यांत पाइप काढला की चार थेंब गळायचे. आताच्या गाड्यांत टाकीतला पंप जोरात पेट्रोल ढकलतो आणि इंजिन बंद केलं तरी पाइपात प्रेशर राहतं. अप्पांनी पाइप सोडवताच चिळकांडी तापलेल्या इंजिनवर पडली आणि भडका उडाला.

बोटं पुन्हा नीट वळतील का, डॉक्टरांना आत्ताच सांगता येत नाही.

मघाशी अप्पांनी हळूच विचारलं, "कुठला फ्यूज म्हणालीस गं?"

घरात पहिल्यांदा शिकलेल्यांनो, आपल्या माणसाला चारचौघांत थांबवायचं तुम्हाला जमतं का? मला आज जमायला हवं होतं.