नाव कळल्यावर बदललेला छंद

२००४ सालच्या हिवाळ्यात, जयपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात, माझी कविता आधी उत्तम ठरली आणि नंतर सामान्य. मधे फक्त माझं नाव कळलं.

मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाची निवड होती. नावं झाकून कविता वाचायच्या, अशी पद्धत. निवड करणारे निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. मी रेल्वेच्या तिकीट खिडकीवरची ड्यूटी संपवून तशीच आले होते. पाय दुखत होते. दाराजवळ बसले.

सरांनी वाचलं :

माय वेचते कोळसा
रुळांच्या कडेकडेने
तिच्या ओच्यात निखारा
तिने विझू दिला नाही

बोटांवर अक्षरं मोजली. "अष्टाक्षरी. निर्दोष. रस करुण वाटतो, पण नाही. वीर आहे. पहिल्या पानावर घ्या."

मग नावावरची पट्टी काढली. आम्ही बौद्ध. आडनावावरून कळतं.

"अय्या, या बुकिंगवाल्या बाई?" यजमानीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आपल्या जोशीवहिनींची!"

"कोट्यात कविताही बसते वाटतं," मागून कुणीतरी. हशा.

सरांनी चष्मा पुसला. कागद पुन्हा धरला. "मतलब, छंद कानावरून उचललेला आहे. अभ्यास नाही. आणि रस म्हणाल, तर करुणच. यांच्या कवितेत तोच असतो. अंकाच्या शेवटी 'व्यथा' विभाग करू, त्यात टाकू."

असं मी शाळेत ऐकलं होतं, ऑफिसात ऐकलं होतं. दर वेळी मान खाली घातली होती. त्या दिवशी त्याचाही कंटाळा आला.

उभी राहिले. "सर, मघाशी ओळीत आठ अक्षरं होती. आताही आठच आहेत."

"बसा हो बाई. रागावता कशाला? मी शास्त्र सांगतोय."

"ती माझी आई आहे. ती रडत नव्हती. कागद द्या."

"छापायची नाही?"

"नाही."

कुणी हसलं नाही. यजमानीणबाई म्हणाल्या, "चहा तरी घेऊन जा." मी घेतला नाही. घराकडच्या, सोडाल्याच्या बसमध्ये उभ्यानेच गेले.

माझ्या आईला काय वाटत होतं, हे त्यानंतर मी कुणालाही ठरवू दिलं नाही. देणार नाही.

अंक मार्चमध्ये निघाला. पहिल्या पानावर आमेरच्या किल्ल्यावरची कविता आहे. 'व्यथा' विभाग नाही.