शेवळांचा धडा

माझी बायको काशी आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओट्यावर बसून शेवळं निवडणं. काल आगाशीच्या बाजारात शेवळांच्या जुड्या दिसल्या, तो उग्र वास नाकात शिरला आणि मी तिथंच उभा राहिलो. वीस-बावीस वर्षं झाली त्याला.

शाळेच्या बाईंनी तिला दुसऱ्या दिवशी वर्गात रानभाज्या शिकवायला बोलावलं होतं. टोपली भरून ती माझ्यावरच धडा घोकत होती.

"पोरांनो, आतला पिवळा दांडा काढून टाकायचा. नि ही आंबट काकडं घातल्याबिगर शेवळं शिजवायची नाय, घसा खाजतो."

"अंगठा उठवतेस नि मास्तरीन व्हतेस?" मी हसलो.

"ऐका तरी. उद्या तुमालाच इचारीन."

"बडबड पुरे," म्हणून मी उठून नाक्यावर गेलो. मागं तिनं टाकळ्याच्या भाजीची जुडी हातात घेतली होती, पुढचं ती भिंतीला सांगत राहिली. परत आलो तर ती टोपलीशेजारी कलंडलेली. संध्याकाळी तिला जाळून आलो.

सकाळी मी टोपली उचलली. थोरला भाऊ ओरडला, "सुतकात कुठं चाललास?" मी थांबलो नाही. वर्गात पोरांना पिवळा दांडा काढून दाखवला, काकडं हातात दिली. एका पोरीनं टाकळा उचलला. "आजोबा, ह्याची भाजी कशी करायची?"

चाळीस वर्षं खाल्ली होती मी ती.

"ती सांगत व्हती, पोरी," मी म्हणालो. "मी उठून गेलो."