पाठीला सरस नाही

माझी सून बाइंडर आहे. पुस्तकं, वह्या, कचेऱ्यांमधली जाडजूड रजिस्टरं शिवते, त्यांना पुठ्ठे चढवते. हे आता मी छाती पुढे काढून सांगते, पण आधी सांगत नव्हते. ही कोण असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, आमच्या चिरंजीवांची बायको. चिरंजीव परदेशात लिफ्ट दुरुस्त करतात. मग लोक चिरंजीवांचीच चौकशी करत बसायचे आणि ती बिचारी हातात पाण्याचा ट्रे घेऊन उभी.

मी स्वतः एकतीस वर्षं बस आगारात पासाच्या खिडकीत काढली. खिडकीच्या आतल्या बाजूला, हे महत्त्वाचं. माणूस कसा आहे ते त्याच्या कागदांवरून कळतं, हे माझं तिथलं शिक्षण. नीट लावलेली फाइल आणली की त्याचं काम दोन मिनिटांत. सुटे कागद रबर गुंडाळून आणले की मी वर न बघता सांगायचे, उद्या या. किती जणांना असं परत धाडलं असेल, देव जाणे. मला कधी कुणाची भीती वाटली नाही, लोकांनाच माझी वाटायची. एवढं आधी सांगून ठेवते, नाहीतर पुढे मी जो घोळ घातला तो कळायचा नाही.

लग्न झालं ते नोंदणी कार्यालयात. चिरंजीव तीन आठवड्यांची रजा घेऊन आले होते. त्यातले दहा दिवस दाखले गोळा करण्यात गेले आणि संसाराला उरले अकरा. मग तो गेला आणि ही माझ्यापाशी राहिली, आमच्या दोन खोल्यांत. वर्षभरात बोलावून घेतो म्हणाला होता. त्याचा अर्ज मंजूर व्हायलाच सव्वा वर्ष लागलं. मग फॉर्म, मग पोलिसांचा दाखला, मग त्याच्या पगाराचे कागद. ते सगळं पोचल्यावर निरोप आला की कागदपत्रं पूर्ण आहेत, मुलाखतीची तारीख यथावकाश कळवू. त्या यथावकाशने आमचा अंत पाहिला. बायकोला नवऱ्याकडे जायचा व्हिसा हवा तर आधी त्या मुलाखतीला बसावं लागतं आणि मुलाखतीला बसायचं तर तारीख लागते. तारखेचं नावच नाही.

ती रोज जेवणाच्या सुट्टीत हाताची खळ धुऊन फोनवर मेल बघायची. संध्याकाळी घरी आली की दारातूनच मान हलवायची, नाही. मी विचारणं सोडून दिलं होतं, तरी तिची मान हलायचीच. सव्वा वर्षावर आणखी चौदा महिने असे गेले. चिरडीला मी यायचे, ती नाही. व्हिसा कार्यालयाला मी घरात बसून शिव्या घालायचे आणि ती सुईत दोरा ओवत म्हणायची, आई, त्यांच्याकडे आपल्यासारखे ढीगभर असतील. मला तिचा तो शांतपणा अजिबात आवडायचा नाही. खरं सांगायचं तर मला वाटायचं, हिला जायचंच नाही की काय.

शेवटी तारीख आली, तीही नऊ दिवसांवरची. मुलाखतीआधी त्यांनीच नेमलेल्या दवाखान्यात तपासणी करून घ्यायची असते आणि दवाखान्यात बारा दिवस जागा नाही. आता काय बोलायचं? तारीख पुढे ढकलायची मुभा होती, पण एकदाच. तिने फोनवर तारखांचं पान उघडलं. महिनाभर सगळे चौकोन राखाडी, पुढचा महिना राखाडी, त्यापुढचाही. चौथ्या महिन्यात एकच चौकोन हिरवा. ती म्हणाली, वेळ कुठली ते बघू दे. मी म्हटलं, वेळ नंतर बघ, आणि तिच्या बोटावर माझं बोट ठेवून दाबलं. मंगळवार, सकाळी पावणेआठ. खाली लिहिलं होतं की ही मुलाखत काही कारणाने झाली नाही तर पुढची तारीख निवडता येणार नाही, कार्यालय कळवेल. म्हणजे पुन्हा यथावकाश.

चार महिने मी तिची तयारी करून घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीत आतून मी बसायचे, ती बाहेर गॅलरीत उभी. मी विचारायचे, नवऱ्याला कुठली भाजी चालत नाही? तो कुठल्या कुशीवर झोपतो? ती लाजून हसायला लागली की मी म्हणायचे, हसलीस, नापास. शेजारच्या बाई दोरीवरचे कपडे काढायचं विसरून ऐकत राहायच्या.

आणि एक दिवस कागदांचा विषय निघाला. तीन वर्षांचे कागद मी पत्र्याच्या पेटीत जपले होते. लग्नाचा दाखला, अकरा दिवसांचे फोटो, त्याची पत्रं, विमानाची तिकिटं, दोघांच्या फोनवरच्या बोलण्याच्या छापून घेतलेल्या याद्या. ते सगळं एका पिशवीत भरून न्यायचा तिचा विचार होता. मी म्हटलं, भाजी आणायला चाललीस का? बाइंडर ना तू? मग सुटे कागद घेऊन खिडकीवर उभी राहिलीस तर तोंड दाखवायला जागा राहील का मला? चांगलं बाड बांध. जाड पुठ्ठा, पाठीला कापड, वर सोनेरी अक्षरं. खिडकीतल्या माणसावर छाप कशाने पडते ते मला विचार.

तिने हातातला कागद परत पेटीत ठेवला. मग म्हणाली, बांधते. सोनेरी अक्षरं नकोत.

बाड मात्र तिने असं बांधलं की मी बघत राहिले. एकाही मूळ कागदाला भोक पाडलं नाही. प्रत्येकाच्या कडेला पातळ कागदाची पट्टी खळीने लावली आणि सुई फक्त पट्टीतून काढली. थोडे थोडे कागद एकत्र घेऊन त्याचा एक गठ्ठा, त्याला ते लोक जुज म्हणतात. अशी नऊ जुजं एकाच मेण लावलेल्या दोऱ्यात शिवली. वर खाली निळे पुठ्ठे. पण पाठ उघडीच ठेवली. दोरा दिसतोय, शेवटची गाठ दिसतेय. मी म्हटलं, हे काय, पाठीला कापड कुठंय, चिकटवायला सरस तरी लाव. तर म्हणे, नको आई, मास्तरांची पद्धत आहे. मास्तर म्हणजे तिच्या कारखान्याचे मालक, बोलायला महाग माणूस. जे पुन्हा उघडावं लागेल त्याच्या पाठीला सरस लावायचा नाही, हा त्यांचा नियम. मी म्हटलं, मास्तरांना मुलाखतीला जायचंय का? तरी ऐकलं नाही. तीन वर्षांत माझा शब्द तिने पहिल्यांदा मोडला आणि मी दोन दिवस तिच्याशी तुटक वागले.

मंगळवारी साडेसहालाच आम्ही व्हिसा कार्यालयापाशी पोचलो. आत फक्त तिलाच सोडणार होते. पहारेकऱ्याने तिच्याकडचा फोन, पाण्याची बाटली आणि साधी टाचणीसुद्धा काढून ठेवायला लावली, ते सगळं माझ्याकडे आलं. ती बाड छातीशी धरून आत गेली. मी समोर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बाकावर बसले. करायला काही नव्हतं म्हणून तिच्या फोनवर मुलाखतीचं पत्र उघडलं. पत्र आलं तेव्हा मीच तिला ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं, ती शिवत बसली होती. तेव्हा तीन पानं वाचली आणि चौथं, नुसत्या सूचना असतील म्हणून, सोडून दिलं होतं.

चौथ्या पानावर लिहिलं होतं, कागद सुटे आणावेत. टाचलेले, शिवलेले, बांधलेले कागद स्वीकारले जाणार नाहीत आणि मुलाखत होणार नाही.

मी ते तीनदा वाचलं. एकतीस वर्षं खिडकीत बसून लोकांना सूचना नीट वाचा म्हणून झापणारी बाई मी. उठून पहारेकऱ्याकडे गेले, म्हटलं, आत एक निरोप द्या. तो म्हणाला, बाई, असं चालत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. परत बाकावर येऊन बसले आणि रडले, उगाच कशाला लपवू. मुलगा तिकडे तीन वर्षं एकटा जेवतोय, ही पोर दारातून मान हलवत राहणार, आणि कशामुळे तर सासूला बाड मिरवायचं होतं म्हणून.

आतलं मी पाहिलेलं नाही, तिने एकदा सांगितलं आणि मी शंभरदा सांगते. पहिल्या खिडकीत चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी बाड बघितलं आणि काचेखालून परत सरकवलं. म्हणाल्या, यंत्रात एकेक कागद जातो, हे असं घेता येणार नाही, पुढची तारीख कळवू. त्यांनी पुढचा नंबर पुकारायला हातही उचलला. हिने नम्रपणे म्हटलं, दोन मिनिटं थांबाल का? मग बाड आडवं ठेवलं, पाठीवरची गाठ नखाने सोडवली आणि दोरा ओढला. एक जुज सुटलं, दुसरं सुटलं. रांगेतले लोक माना वळवून बघायला लागले. नवव्या जुजानंतर लांबलचक दोरा तिने बोटाला गुंडाळला, पुठ्ठे बाजूला ठेवले आणि कागद काचेखालून सारले. सुटे, सपाट, एकाला भोक नाही. चष्मेवाल्या बाईंनी एक कागद उजेडात धरून पाहिला आणि यंत्रात घातला.

दुसऱ्या खिडकीत साहेब होता, शेजारी दुभाष्या बाई. त्याने सरळच विचारलं, लग्नानंतर एकत्र किती दिवस? ती म्हणाली, अकरा. त्याने पेन खाली ठेवलं. अकरा दिवसांत नवऱ्याची काय ओळख होणार, असं तो म्हणाला. माझ्या सगळ्या तालमीतला हा प्रश्न नव्हता.

तिने सांगितलं, "तो कामावरून फोन करतो तेव्हा जिना चढत असतो. लिफ्ट बंद असते म्हणूनच तर त्याला बोलावतात. त्याला किती धाप लागलीय त्यावरून तो कितव्या मजल्यावर आहे ते मी सांगते. चुकते एखाद्या मजल्याने."

दुभाष्या बाई सांगतासांगताच हसल्या. मग साहेबही हसला. त्याने फोटो चाळले, दोन कागद ठेवून घेतले, बाकीचे परत दिले आणि व्हिसा मंजूर आहे म्हणाला.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पाहिलं ते एवढंच की माझी सून फाटकातून बाहेर येतेय, हातात सुट्या कागदांचा ढीग, वर दोन निळे पुठ्ठे. मला वाटलं, संपलं. ती जवळ यायच्या आत मीच बोलून गेले, "चौथं पान मी वाचलंच नव्हतं गं. माझ्यामुळे झालं."

ती म्हणाली, "मी वाचलं होतं, आई. पत्र आलं त्याच रात्री."

मला कळेना. मग बांधलंस कशाला, मी विचारलं.

"तीन वर्षं पेटीत जपलेत ते कागद तुम्ही. तुमच्या मनासारखं एकदा बांधायचं होतं. सोडायला सव्वा मिनिट लागतं, मास्तरांनी घड्याळ लावून सराव करून घेतलाय. आणि व्हिसा झाला."

व्हिसा झाला हे तिने असं सगळ्यात शेवटी सांगितलं. मी तिला तिथेच, झेरॉक्सच्या दुकानासमोर, कवटाळलं. कागद खाली पडले ते त्या दुकानदाराने गोळा करून दिले. मनात म्हटलं, बाई गं, तू एकतीस वर्षं खिडकीत बसलीस आणि माणूस ओळखायला कधी शिकलीच नाहीस.

घरी न जाता आम्ही आधी कारखान्यात गेलो. मास्तर कापायच्या यंत्रापाशी उभे होते. त्यांनी मंजूर झालं का हेसुद्धा विचारलं नाही, नुसतं म्हणाले, किती वेळ लागला? ती म्हणाली, घड्याळ नव्हतं, पण बाईंनी पुढचा नंबर पुकारला नाही. मास्तरांनी मान डोलावली आणि कामाला लागले. त्या एका डोलावण्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दीड महिन्याने ती गेली. कागद तिने नेले, निळे पुठ्ठे माझ्या कपाटात आहेत. दोरा तिच्याकडे मीच मागितला, तो त्यांच्यावरच गुंडाळलेला आहे. घर मोठं वाटतं, संध्याकाळी दाराकडे लक्ष जातं, हेही खरंच. तिकडे तिला एका मोठ्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं काम मिळालं. परवा आगारातली जुनी मैत्रीण भेटली आणि तिने विचारलं, मुलगा काय करतो गं हल्ली?

मी म्हटलं, बाइंडरबाईंचा नवरा आहे.