खोकणारे गुरुजी

पुस्तकातल्या माणसांच्या तब्येतीची इतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा सापडायचा नाही. ते आमच्या वाचनालयाचे सर्वांत जुने वाचक. भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा गणपतींचा कारखाना आहे, म्हणून सगळे त्यांना गणपतीवाले काका म्हणतात. काका वाचतात फक्त गुरू-शिष्यांच्या गोष्टी. गवई आणि त्याचा शागीर्द, वैद्य आणि त्याचा चेला, पहिलवान आणि त्याचा पठ्ठ्या, काहीही चालतं. एकदा तर म्हातारा चोर एका तरुणाला कुलपं उघडायला शिकवतो अशी कादंबरी नेली आणि आठवडाभर त्या चोराच्या गुडघेदुखीने हवालदिल झाले. पुस्तक हातात घेण्याआधी प्रश्न ठरलेला असतो, "गो बाय, ह्यातला गुरू जगतो ना?"

आता खरं सांगायचं तर जगत नाही. शिष्य तयार झाला की लेखकाला गुरूचं ओझं होतं. मग गुरू एक शेवटचा धडा देतो, आशीर्वादाला हात उचलतो आणि दोन पानांत आटोपतो. याची पूर्वसूचना म्हणजे खोकला. कादंबरीतला गुरू नुसता घसा साफ करायला जरी खोकला, तरी काका दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला काउंटरवर हजर. "पान एकशे दहाला खोकला. ठेव हे आत." पुढची पानं उघडायचीच नाहीत. समासात पेन्सिलीने शेरे मारायची खोड मात्र जुनी. 'आता मला सगळं येतं, गुरुजी' असं म्हणणाऱ्या एका शिष्यासमोर त्यांनी 'गप्प बस' असं ठळक लिहून ठेवलंय. मी पुस्तकाच्या बाबतीत फार कजाग बाई आहे. पानाचा कोपरा दुमडला म्हणून मी एका निवृत्त मुख्याध्यापकांना चारचौघांत झापलेलं आहे. पण काकांच्या पेन्सिलीपुढे मी हात टेकले.

काकांचा स्वतःचाही एक शिष्य आहे. वय वर्षं शेहेचाळीस, कानशिलं पिकलेली, मुलगी कॉलेजात. काकांच्या लेखी तो अजून 'कच्चा हाय'. माती मळण्यापासून पीतांबर रंगवण्यापर्यंत सगळं त्याला येतं. राहिलेत फक्त डोळे. गणपतीचे डोळे आखायची वेळ झाली की काका त्याला म्हणायचे, "जा, चहा सांगून ये," आणि आतून कडी लावायचे. बावीस वर्षं तो चहा सांगतोय. आणि त्याच्यादेखत काका कधी खोकलेले नाहीत. उबळ आली तर लाल चेहऱ्याने मागच्या परसात जातात, माडाला टेकून खोकतात आणि काही झालंच नाही अशा थाटात परत येतात.

गेल्या वर्षी आषाढात काकांनी आमच्या रजिस्टरवर सही केली आणि ती तीन ओळींवरून घसरत गेली. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. "पेन खराब हाय तुझा," म्हणाले आणि हात खिशात घातला. मला आधी आठवले ते गणपतींचे डोळे. आमच्याकडे घरोघरचे पाट कारखान्यात नेऊन देतात आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती होतो. दीडशे घरांचे पाट त्या जांभ्याच्या भिंतींना लागून उभे होते, त्यांत आमचाही होता.

चतुर्थीला दहा दिवस उरले तेव्हा शिष्य वाचनालयात आला. चप्पल दाराबाहेर काढून, देवळात आल्यासारखा. "ताई, पाचच गणपतींचे डोळे झालेत. त्यातले दोन काकांनी परत पुसले. मी विचारलं तर अंगावर येतात. लोकांना काय सांगू?"

मी काकांना गाठलं. "शिकवून टाका ना त्याला."

"शिकवलं की माझं काय काम उरलं?" काका म्हणाले. "नि काम उरलं नाय की गुरूचं काय होतं ते तुझ्याच कपाटात लिवलेलं हाय."

हसण्यासारखं होतं, पण ते हसत नव्हते. माणूस खरोखर घाबरला होता.

मग मी गुरू जिवंत राहतो असं एक पुस्तक शोधायला बसले. दोन दिवस कपाटं उपसली. कुणी तापाने गेला होता, कुणी नदीत, एक तर सत्कारातच. शेवटी हिरव्या कापडी बांधणीची एक जुनी कादंबरी सापडली. तिच्यात शिष्याला विद्या दिल्यावर म्हातारा मास्तर ओटीवर बसून पेज पितो. खोकतो त्याच्या पुढच्या पानावर. मी दार लोटलं, ब्लेड घेतलं आणि शेवटची आठ पानं कापली.

"हा जगतो," असं सांगून पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात गेले. काका बाहेर पायरीवर बसले होते, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून. "आज चहा मीच सांगितला," म्हणाले. दार सताड उघडं होतं. आत शिष्य आमच्याच गणपतीसमोर कुंचला घेऊन बसला होता. काका बसल्या जागेवरून ओरडले, "आधी श्वास धर! रेघ संपली की मग सोड!" बावीस वर्षं कडी लावून जपलेली विद्या ती एवढी होती. चतुर्थीला दीडशेही घरांत डोळस गणपती गेले.

विसर्जनानंतर काका पुस्तक परत करायला आले. "बाकीची पानं कुठे हायत?"

"कुठली पानं?"

त्यांनी चाळिसावं पान उघडून माझ्यापुढे धरलं. समासात पेन्सिलीने, त्यांच्याच जुन्या कोरीव अक्षरात लिहिलं होतं, 'हाही जाणार.' समास चाळायचं मला सुचलंच नव्हतं!

"तेव्हा मी पुस्तकं शेवटपर्यंत वाचायचो," काका म्हणाले.

"मग तरी शिकवलंत?"

"अगो, तू पानाचा कोपरा दुमडू देत नाहीस कुणाला. माझ्यापायी ब्लेड लावलंस. म्हटलं, आपली तब्येत बरीच वाईट दिसते." मग खाली बघून म्हणाले, "चिकटव ती पानं. पुस्तक अर्धं ठेवू नये. पण घाई करू नको."

हल्ली काका चारचौघांत खुशाल खोकतात. शिष्य त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो, त्यालाही ते आता नाही म्हणत नाहीत. ती आठ पानं माझ्या टेबलाच्या खणात आहेत, शेजारी डिंकाची बाटली. डिंक केव्हाच वाळून गेलाय. नवा आणायचं माझ्या लक्षात राहत नाही.