टाकीतलं मोहोळ

पेट्रोल पंपावरची बाई दर वेळी विचारते, "सर, ही अ‍ॅव्हरेज किती देती?"

जुनी गाडी दिसली की सोलापुरात कुणीही हेच विचारतं. पत्नी होती तेव्हा ती खिडकीतून सांगायची, "एका मोहोळाला एक मोहोळ." पंपावरच्या बाईला पहिल्यांदा ते कळलं नव्हतं. "टाकीत मोहोळ? माश्यांचं काय ओ?" असं म्हणून तिनं टाकीचं झाकण जरा जपूनच उघडलं होतं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. माझ्या लग्नाच्याही आधीची. पेट्रोलचा काटा कधीच बंद पडलेला. टाकी भरलेली असो की रिकामी, तो अर्ध्यावर उभा असतो. म्हणून पत्नीनं एक वेळूची काठी केली होती. टाकीचं तोंड सरळ आहे, काठी तळाला टेकते. दर रविवारी ती मोहोळ गावाला आईकडे जायची आणि परत आल्यावर काठी बुडवून जिथवर ओली होईल तिथं तापल्या सुईनं खूण करायची. टाकी तळाशी निमुळती, त्यामुळे खालच्या खुणा लांब लांब आणि वरच्या जवळ. एक खूण म्हणजे मोहोळला जाऊन येणं. आमच्या घरात लिटर हा शब्द दुधापुरताच होता. "टाकीत अडीच मोहोळ आहे," ती सांगायची, आणि डाव्या सीटवर पुस्तक उघडून बसलेला मी नुसता हुं म्हणायचो. मला गाडी येत होती, पण चालवायची वेळ क्वचितच यायची.

ती गेल्यावर पहिला महिना गाडी झाकून ठेवली. मग सासूबाईंचा निरोप आला, "पावन्यांना म्हनावं, रविवार मोकळाच जातूय." मी गाडी काढली. दवाखान्यातून परत आलेली पत्नीची छोटी कापडी पिशवी बरोबर घेतली. आत तिचं चष्मा पुसायचं फडकं, बडीशेपेची डबी आणि गाडीची दुसरी किल्ली. सीटवर ठेवली तर ती वळणावर घसरून खाली पडे. म्हणून समोरच्या एका बटणाला नाडीचे दोन वेढे देऊन अडकवली. गाडी चालवताना ती डोळ्यांसमोर राही.

पुण्याहून मुलीचा फोन आला. ती रागावली नव्हती, पण तिनं अट घातली. "बाबा, आई होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. हायवेवर एकदा जरी पेट्रोल संपून उभे राहिलात, तर गाडी विकायची. कबूल?"

मी कबूल म्हणालो. काठी होती, त्यामुळे तो प्रश्न येणारच नाही असं मला वाटलं.

पहिल्याच रविवारी परत आल्यावर काठी बुडवली, तर दीड खूण उतरली होती. काठी तिरकी गेली असेल म्हणून पुन्हा बुडवली. तेवढीच. पुढच्या रविवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी थोडं जास्त. मी हळू चालवून पाहिलं. मग वाटलं, हळू चालवल्यानंच जास्त लागत असेल, म्हणून जरा वेगानं चालवून पाहिलं. चाकांत हवा भरून घेतली. शनिवारी रात्री झोप लागेनाशी झाली. मोहोळच्या रस्त्यावर माझं लक्ष शेताकडे नसायचं, इंजिनाच्या आवाजाकडे असायचं. गाडी जरा अडखळली की मी काठीवरच्या खुणा मनात मोजायचो.

आणि एका रविवारी ती उभी राहिलीच. काठीवर अडीच मोहोळ बघून आदल्या रविवारी गेलो होतो; राहिलेल्या पेट्रोलात निदान जाता येईल आणि परतीचं मोहोळच्या पंपावर भरू, असा हिशेब मी केला होता. मोहोळ पाचेक किलोमीटर राहिलं असताना दोन आचके देऊन गाडी थांबली. ट्रक जवळून जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती. शेवटी एका मोटारसायकलवाल्यानं पंपावर नेऊन आणलं. प्लास्टिकच्या डब्यातून टाकीत ओतताना निम्मं माझ्या हातावर सांडलं.

पोचलो तेव्हा सासूबाई दारात नव्हत्या. पार रस्त्याच्या तोंडाशी येऊन, आपल्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्या तिथं किती वेळ उभ्या होत्या हे मी विचारलं नाही. वाट बघत असताना भलतीच बातमी येते, हे त्यांना त्या वर्षी एकदा कळून चुकलं होतं.

"टोलनाक्यावर गर्दी होती," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला.

"टोलवाल्यानं प्याट्रोलनं हात धुवाय लावलं व्हय?"

मी हात मागे घेतला.

"पोरीला सांगू नगा. मीबी न्हाय सांगत." मग गाडीकडे बघून म्हणाल्या, "ही लई खाकरतीया पावनं. आमच्या मालकांच्या टायमाला अशी खाकरत नव्हती. दावा की कुनाला तरी."

मुलीनं संध्याकाळी फोनवर विचारलं, "सगळं नीट?" मी हो म्हणालो. खोटं बोलायची सवय नसली की माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. मी तिला जेवणात काय होतं तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. सासऱ्यांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याकडेच. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी इंजिनातले प्लग काढून माझ्यासमोर धरले. दिव्याच्या काचेवर धरावी तशी काजळी त्यांवर धरली होती.

"सर, गाडी पेट्रोल पीती नै. तुम पिलारैं उसकू."

"म्हणजे?"

"चोक उघडा है. थंडीत गाडी चालू करायला ओढतात ना, तो. मग ढकलायचा परत, नैतर पेट्रोल जास्त जातं. तुम्ही ढकलतच नाही."

"ढकलतो की. दर वेळी ढकलतो."

ते माझ्या सीटवर बसले. समोरचं एक बटण त्यांनी आत ढकललं. ते बोटभर बाहेरच राहिलं. बटणाच्या मानेला पिशवीची नाडी होती, दोन वेढ्यांची. ती बटण आणि समोरची फळी यांच्यामध्ये अडकत होती. इतके महिने मी ते ढकलत होतो आणि गेलं असं समजत होतो.

"ये थैली कायकू बांधे जी इधर?" त्यांनी विचारलं. मग बहुधा त्यांनी ती ओळखली. पत्नी त्यांच्याकडे आली की त्या डबीतली बडीशेप त्यांना द्यायची. नाडीला त्यांनी हात लावला नाही. उतरले, पुढं जाऊन प्लग घासत बसले आणि म्हणाले, "आरामसे सर. घाई नै."

नाडीची गाठ मीच मारलेली होती, तरी सुटायला वेळ लागला. सोडल्यावर पिशवी कुठं ठेवावी ते कळेना, म्हणून खिशात कोंबली. बटण ढकललं. ते टक् करून आत गेलं. तो आवाज मी ओळखला. दर रविवारी, गल्लीचा कोपरा वळताना, पुस्तकाचं पहिलं पान उलटायच्या सुमाराला तो यायचा. मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी टाकी चार मोहोळ भरून निघालो. गाडी खाकरली नाही. ती इतकी सरळ चालली, की मला त्याचाच थोडा राग आला. पिशवी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी डबी उघडून वास घेतला आणि पिशवी परत दिली. "ऱ्हाऊ द्या गाडीतच. पन बांधू नगा कुटं."

घरी आल्यावर काठी बुडवली. अंधारून आलं होतं, म्हणून ती दाराच्या दिव्याखाली नेऊन पाहिली. मग मुलीला फोन केला आणि आधी हायवेवर उभं राहिल्याचं सांगितलं. मी चोकचं सांगितलं, पिशवीचंही सांगितलं.

"आज किती उतरलं?" तिनं विचारलं.

"एक मोहोळ."

"बरोबर एक?"

"वर थोडं. नखभर."

"ते तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता, त्याचं असेल," ती म्हणाली. "आईला पण ते आवडायचं नाही." मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येते. गाडी मी चालवून बघते. मग ठरवू."

मी काठी पुसून दारामागे उभी केली. तळाशी पत्नीच्या हातची शेवटची खूण आहे. त्या खुणेखाली टाकीत किती उरतं, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.